'पार्श्वसंगीत' नेमके कुठे संपते?

विचारणा अशी आहे : टिम बर्टन आणि माइक जॉन्सन यांनी दिग्दर्शित केलेल्या 'कॉर्प्स ब्राइड' (२००५) या अ‍ॅनिमेशनपटाच्या संगीतावर लेख लिहायचा आहे. संगीतकार डॅनी एल्फमनने त्यात जे काही केले आहे, त्या सगळ्याला 'पार्श्वसंगीत' म्हटले तर चालेल का? आणि सिनेमाचा नायक व्हिक्टर स्वतः पियानोवर बसून वाजवतो, ते काय? सिनेमासाठी रचलेल्या संगीताला इंग्रजीत म्हणतात तो 'स्कोअर' हा शब्द नको, अशी अटही आहे. ती अट मला पटते. 'एल्फमनचा स्कोअर' असे वाचले की आपल्या डोक्यात आधी धावा येतात.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

व्हिक्टर पहिल्यांदा पियानोवर बसतो तो प्रसंग आठवा. आईवडिलांनी ठरवलेल्या लग्नासाठी तो एव्हरग्लॉटांच्या करड्या, थंडगार वाड्यात आला आहे. एकटाच आहे, समोर पियानो दिसतो म्हणून बसतो आणि एक हळवी सुरावट वाजवू लागतो. ती ऐकत त्याची नियोजित वधू, एव्हरग्लॉटांची मुलगी व्हिक्टोरिया, येऊन उभी राहते. तिची चाहूल लागताच तो दचकून उठतो आणि धांदल उडते. मग कळते की तिच्या आईने तिला कधी पियानोजवळ फिरकूच दिलेले नाही. संगीत म्हणजे फार भावना चाळवणारे, चांगल्या घरच्या मुलीला न शोभणारे. आता हे वादन पार्श्वसंगीत असते, तर व्हिक्टोरियाला ते ऐकूच आले नसते! तिने ऐकले म्हणून ती खाली आली आणि म्हणून पुढचे सगळे घडले.

कसोटी एवढीच ठेवा : पात्राच्या कानावर पडते का? पडत असेल तर ते पार्श्वसंगीत नव्हे. त्याला 'दृश्यांतर्गत संगीत' असा जडशीळ शब्द समीक्षेत दिसतो. मी 'प्रसंगातले संगीत' म्हणतो. उच्चारायला सोपे आणि वाचणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

आता 'पार्श्व' या शब्दाकडे. तो मुळात 'मागचा' नाहीच. संस्कृतात पार्श्व म्हणजे बाजू, कूस, बगल. मागच्या बाजूला पृष्ठ म्हणतात. हिंदीने हा भेद 'पृष्ठभूमि'त सांभाळला. मराठीने 'पार्श्वभूमी' केली आणि पार्श्व हळूहळू बगलेतून पाठीमागे सरकला. किती सरकला, हे पाहायचे असेल तर 'पार्श्वभाग' हा शब्द सभ्य मराठीत शरीराच्या कोणत्या भागासाठी वापरतात ते आठवा. काही वर्षांपूर्वी एका भाषांतरात मी व्युत्पत्तीच्या प्रेमापोटी 'पृष्ठसंगीत' असे लिहिले होते. संपादकांनी समासात एक प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला. त्यांचे बरोबर होते. 'पार्श्वसंगीत' रुळलेला शब्द आहे, तो हलवायचे कारण नाही.

पण या सिनेमाच्या संदर्भात व्युत्पत्तीची आणखी एक पायरी खाली उतरण्याचा मोह मला आवरत नाही. 'पार्श्व' आला 'पर्शू'वरून, आणि पर्शू म्हणजे बरगडी. (कुऱ्हाडीचा परशू वेगळा.) बरगड्यांचा समूह तो पार्श्व, अशी जुन्या वैयाकरणांची फोड आहे. आपल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकांत बरगडीला 'पर्शुका' म्हणतात, तेही त्याच घरातले. म्हणजे पार्श्वसंगीताचा शब्दशः अर्थ लावायला बसलो तर हाती येते 'बरगड्यांचे संगीत'! सांगाड्यांनी भरलेल्या सिनेमाला याहून चपखल शब्द कोणी मुद्दाम घडवूनही दिला नसता.

हाडे आणि संगीत यांचे नाते पाश्चात्त्य संगीतात तसे जुने आहे. फ्रेंच संगीतकार सँ-साँसने १८७४ च्या 'दांस माकाब्र'मध्ये, म्हणजे 'मृत्यूच्या नाचा'त, हाडांच्या खुळखुळाटासाठी झायलोफोन वापरला. म्हणजे आपल्या काष्ठतरंगाच्या जातीचे, लाकडी पट्ट्यांचे वाद्य. पुढे १८८६ मध्ये 'कार्निव्हल ऑफ द अ‍ॅनिमल्स' या रचनेतल्या जीवाश्मांसाठी त्याने तोच विनोद पुन्हा केला. डिस्नेच्या १९२९ मधल्या 'द स्केलेटन डान्स'मध्ये तर एक सांगाडा दुसऱ्याचा पाठकणाच झायलोफोनसारखा बडवतो. माझे 'पृष्ठसंगीत' तिथे मात्र खपून गेले असते. एल्फमन या परंपरेत आपसूक बसतो. मृतांच्या दुनियेत बोनजँगल्स नावाचा एक डोळा असलेला सांगाडा एमिलीची, म्हणजे सिनेमाच्या नावातल्या मृत नवरीची, कहाणी गाऊन सांगतो, त्याला आवाज एल्फमननेच दिला आहे. प्रेमात पडलेली मुलगी, पळून जाण्याचा बेत, रात्री झाडाखाली वाट पाहणे आणि घात. हे सगळे जॅझच्या ठेक्यावर, आणि मागे झील धरायला सांगाड्यांचा ताफा. 'झील' शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. कथा सांगणारा एक आणि त्याची ओळ उचलून धरणारे बाकीचे, या रचनेला 'कोरस'पेक्षा तो नेमका लागू पडतो. लेखात वापरून पाहा.

हे गाणे अर्थातच पार्श्वसंगीत नाही. व्हिक्टर तिथे बसून ऐकतो आहे.

इथे एक गोंधळ निस्तरायला हवा. गाणे पार्श्वसंगीत नाही, पण ते पार्श्वगायन आहे. 'पार्श्वगायन' हा 'प्लेबॅक'चा प्रतिशब्द म्हणून रुळला असला तरी भाषांतर नव्हे. मूळ शब्दात मागे उभे राहून गाणारे कोणी नाही. आधी ध्वनिमुद्रित केलेले गाणे चित्रीकरणाच्या वेळी परत वाजवायचे आणि त्याबरहुकूम ओठ हलवायचे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे जे 'पार्श्व' म्हणवते ते प्रत्यक्षात चित्राच्या आधी तयार असते. बाहुल्या एकेक चौकट हलवून केलेल्या या सिनेमात तर ते फारच खरे. पडद्यावरच्या एका सेकंदात २४ चौकटी. ओठाचा आकार किंवा पियानोच्या पट्टीवर पडणारे बोट कोणत्या चौकटीत कुठे असेल हे ठरवायला सूर आधी हातात लागतो. पार्श्वसंगीत उलट, चित्र कापूनजोडून झाल्यावर त्याच्या मापाने शिवले जाते. एकाच संगीतकाराचे काम असे चित्रीकरणाच्या अलीकडे आणि पलीकडे विभागले जाते. म्हणूनही त्या सगळ्यावर 'पार्श्वसंगीत' हे एकच लेबल चिकटवू नये.

मग सगळ्याला मिळून काय म्हणावे? नुसते 'संगीत'. 'एल्फमनचे संगीत'. मराठीत हा शब्द गाणी, वादन, पार्श्वसंगीत सगळे पोटात घेतो. वाद्यवृंदासमोर ठेवलेल्या कागदांविषयी लिहायचे असेल तर 'स्वरलिपी'. गाण्यांतून कथा पुढे नेणारा हा प्रकार 'संगीतपट' म्हणून सांगा. 'संगीत सौभद्र'मधले 'संगीत' जे काम करते तेच इथे.

प्रश्नात ओझरता उल्लेख 'गडद प्रेमकथा' असाही आहे. हे 'गडद' मला खटकते. मराठीत गडद रंग असतो, आणि या सिनेमात रंग आहेत ते मेलेल्यांच्या दुनियेत. जिवंतांची दुनिया फिकट राखाडी आहे. भयानक, करुण आणि शृंगार यांची सरमिसळ, असे सरळ लिहा.

राहता राहिला पियानोवरचा दुसरा प्रसंग. व्हिक्टर खोटे बोलला म्हणून एमिली रुसून एकटीच वाजवत बसली आहे. तो शेजारी येऊन बसतो, बोलतो. ती लक्ष देत नाही. मग तो बोलणे सोडून पट्ट्यांवर बोटे ठेवतो. याला 'युगुलवादन' म्हणावे की 'जुगलबंदी'? सुरुवातीला दोन्ही नाही. तो सुरांत विचारतो, ती थोडी घुटमळून सुरांतच उत्तर देते, हे 'सवाल-जवाब' आहेत. लय वाढते, चारही हात एकत्र धावू लागतात, तिथून पुढे जुगलबंदी. आणि त्या भरात एमिलीचा हात मनगटातून निखळतो आणि बोटांवर चालत थेट व्हिक्टरच्या अंगावर चढतो. मराठीत हात 'चालतो' म्हणजे वादकाला सफाई असते. हा अक्षरशः चालला.

तेव्हा हेही प्रसंगातलेच संगीत. पण व्हिक्टरची ती पहिली सुरावट पुढे, पियानो जवळपास नसताना, वाद्यवृंदातून पुन्हा ऐकू येते. वाजवणारे हात तिथे दिसत नाहीत, कोणी मान वळवून पाहतही नाही. नियमाने ते पार्श्वसंगीत, आणि लेखात तसेच लिहा. व्हिक्टरला ती तेव्हाही ऐकू येत असणार, असा माझा हट्ट आहे, पण त्याला कसोटीत जागा नाही.