जुन्या डिस्को रेकॉर्डचा रिमिक्स कुणी केला, हे कसं शोधायचं?

आधी लेबलवरची बारीक अक्षरं वाचा. निर्माता आणि मिक्स करणारा यांची नावं तिथे बऱ्याचदा वेगळी दिलेली असतात. साल्सोल कंपनीची १९७६ ची 'टेन पर्सेंट' घ्या. निर्मिती फिलाडेल्फियाच्या बेकर-हॅरिस-यंग त्रिकुटाची, पण गाणं ताणून ९ मिनिटांच्या वर नेलं ते न्यूयॉर्कचा डीजे वॉल्टर गिबन्सने. लेबलवर काहीच नसेल तर रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा: गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर मॅट्रिक्स नंबर, म्हणजे रेकॉर्डच्या त्या बाजूचा ओळख क्रमांक, कोरलेला दिसेल. ७ इंची आणि १२ इंची आवृत्तीचे नंबर वेगळे, त्यामुळे नेमकी कुठली आवृत्ती हातात आहे, म्हणजे कुणाचा रिमिक्स शोधायचा, ते कळतं. मात्र तिथे 'स्टर्लिंग' असा शिक्का दिसला तर हुरळू नका, ते मास्टरिंग स्टुडिओचं, म्हणजे छपाईआधी आवाजावर शेवटचा हात फिरवणाऱ्या स्टुडिओचं नाव. रिमिक्सशी त्याचा संबंध नाही.