फर्मास की फर्माशी?

सोलापूरच्या एका वाचकाचं पत्र थोडं आटोपशीर करून देतो : "आमचा युनिफॉर्म शिवायचा छोटा कारखाना आहे. मला घडीच्या चाकूंचा नाद आहे. गेल्या दिवाळीत सेबेन्झा नावाचा अमेरिकन चाकू मागवला. किंमत घरात कुणाला सांगितलेली नाही. आम्हा नादिष्टांत अशा चाकूला 'कस्टम' म्हणतात. वडिलांनी विचारलं, कस्टम म्हणजे काय? मी म्हणालो, खास बनवलेला. ते म्हणाले, 'काय बे, तुझ्या हाताचं माप घेतलते का त्यांनी?' मला काही बोलता येईना. मराठीत कस्टमला नेमकं काय म्हणावं? 'सानुकूल' चालेल का? आणि असल्या चाकूंना कस्टम म्हणणं, त्यांच्यापायी एवढं वेडं होणं, रास्त आहे का?"

अर्धं उत्तर वडिलांनीच देऊन टाकलंय. ज्याने जन्मभर गळ्यात टेप अडकवून मापं घेतली, त्यालाच हा प्रश्न सुचायचा. उरलेल्या अर्ध्याचं बघू.

आधी 'चाकू'च घ्या. शब्द तुर्की-फारसीतून आलेला. तुर्कीत आजही 'चाकी' म्हणजे खिशात मावणारी, पातं मिटणारी सुरी. फारसीत जुना भेद असा, की पक्क्या पात्याची ती 'कार्द' आणि मिटणाऱ्या पात्याचा तो 'चाकू'. आपल्याकडे येईपर्यंत हा भेद पुसला गेला आणि कांदा चिरायच्या सुरीलाही आपण चाकू म्हणू लागलो. म्हणून मग 'घडीचा' हे विशेषण वेगळं लावायची पाळी आली. सुरी मात्र घरची, संस्कृत छुरिकेची लेक. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत 'कत्ती' चालते, आणि तिच्यात स्वयंपाकघरातल्या सुरीपासून तलवारीपर्यंत सगळं मावतं. जाता जाता एक गंमत : लाडूचं लाडवाचा होतं, विंचूचं विंचवाचा होतं, पण चाकूचं 'चाकवाचा' करायला जीभ वळत नाही. पातं मिटतं, शब्द मिटत नाही.

आता 'कस्टम'. मराठी कानाला हा शब्द पहिल्यांदा बंदरावर भेटला. कस्टम म्हणजे जकात, कस्टमवाले म्हणजे बॅगा उघडून बघणारे. त्यामुळे 'माझा कस्टम चाकू आलाय' असं म्हटलं की निम्म्या लोकांना तो कस्टममध्ये अडकला होता असंच वाटणार. (तुमचा अडकलाही असेल, पत्रात तसं काही नाही.) मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सवय, रूढी. रूढीने द्यायचा कर तो एक कस्टम. ठरलेल्या दुकानी जायची सवय असणारा तो कस्टमर. आणि त्या गिऱ्हाइकासाठी म्हणून केलेला माल तो कस्टम-मेड. तुमच्या धंद्याला लागून सांगायचं तर 'कॉस्च्यूम'सुद्धा त्याच घराण्यातला, रूढीने घालायचा वेष. म्हणजे तुमच्या कारखान्यातला प्रत्येक शाळेचा गणवेश व्युत्पत्तीने चोख 'कस्टम' आहे आणि व्यवहाराने अजिबात नाही, कारण तो छत्तीस नंबर, अडतीस नंबर असा गठ्ठ्याने कापला जातो.

'सानुकूल' नको. हा शब्द संगणकाचे मेनू मराठीत आणणाऱ्यांनी रूढ केला, आणि पडद्यावर तो खपूनही जातो. पण भाषेत ग्रह सानुकूल असतात, वारा सानुकूल असतो, वरिष्ठ सानुकूल असतील तर बदली होते. सानुकूल चाकू म्हणजे आपल्याकडे कृपादृष्टीने बघणारा चाकू.

'बेतलेला' हा शिंप्यांचा शब्द मला फार आवडतो. कापड बेतणं, अंगाबेताचा सदरा. माप, कात्री आणि कापड वाया न घालवण्याचं शहाणपण, सगळं त्यात आहे. पण चाकूला लावायला कचरतो. 'बेतलेला चाकू' म्हटलं की पाठोपाठ 'जिवावर' ऐकू येतं.

'मागणीबरहुकूम' बरोबर आहे, पण त्याला कचेरीचा वास येतो. 'ऑर्डरचा' हा शब्द सोलापुरात सगळे वापरतात, फर्निचरवाल्यापासून केकवाल्यापर्यंत, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त तुमच्या चाकूपाशी त्याने घोळ होतो, कारण तयार माल मागवला तरी आपण 'ऑर्डर केला' म्हणतो.

खरा शब्द आपल्या घरातच, माळ्यावर पडलेला आहे. फारसी 'फर्माइश' म्हणजे आज्ञा, मागणी. 'फर्मान'ही त्याच धातूचं. जुन्या मराठीत त्याचं 'फरमास' झालं, आणि मागणी देऊन करवून घेतलेली वस्तू ती 'फरमाशी' किंवा 'फर्माशी'. आता मौज बघा. सांगून करवून घेतलेली वस्तू सहसा चांगलीच असणार, कारण कारागिराला कुणासाठी करतोय हे ठाऊक असतं आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं. हळूहळू 'सांगून केलेली' हा अर्थ गळाला आणि 'चांगली' तेवढा उरला. आज आपण फर्मास चहा पितो, हुरड्याबरोबर फर्मास शेंगा चटणी खातो. टपरीवरचा तो चहा तुम्ही सांगायच्या आधीच उकळत ठेवलेला असतो, तरी फर्मास.

तुमच्या 'कस्टम'चं नेमकं हेच झालंय. मराठीत ते केव्हाच होऊन गेलं, चाकूच्या बाजारात आत्ता डोळ्यांदेखत होतंय. तिथल्या काटेकोर अर्थाने कस्टम म्हणजे गिऱ्हाइकाने पात्याचा आकार, पोलाद, मुठीचं लाकूड सांगायचं आणि कारागिराने तसं करून द्यायचं. मग अर्थ सैल झाला : एकाच कारागिराने पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने केलेला तो कस्टम, मग कुणी सांगितलेलं असो वा नसो. त्याला खरं म्हणजे 'हातघडणीचा' म्हणायला हवं. पुढे 'मिड-टेक' नावाची मधली जात निघाली : सुटे भाग यंत्रावर काढलेले, जुळणी आणि शेवटचा हात कारागिराचा. आणि आता जे जे महाग, टायटॅनियमचं आणि डबीत मखमल लावून येतं, ते सरसकट कस्टम.

तुमचा सेबेन्झा यात कुठे बसतो? नाव फार सुंदर आहे : झुलू भाषेत त्याचा अर्थ काम. करणारे क्रिस रीव्ह दक्षिण आफ्रिकेचे; 1989 साली अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसी गावी गेले आणि काही वर्षांतच हा चाकू बाजारात आला. त्याआधी मायकेल वॉकर नावाच्या कारागिराने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याला अडवते असा खटका रूढ केला होता. रीव्ह यांनी वेगळी पट्टी काढूनच टाकली. टायटॅनियमच्या मुठीलाच चीर देऊन तिचा एक भाग स्प्रिंगसारखा आत वळवला, पातं उघडलं की तोच त्याच्या बुडाशी येऊन बसतो. दिसायला काहीच नाही, आणि त्यातच सगळी करामत. पात्याच्या खिळीशी अशी नळी बसवलेली असते की स्क्रू गच्च आवळला तरी पातं मोकळं फिरतं. एस30व्ही हे पोलाद क्रूसिबल कंपनीने चाकूसाठी म्हणून तयार केलं, त्यातही रीव्ह यांचा सल्ला होता.

हे सगळं कौतुकाचंच आहे. पण कौतुक कशाचं, तर शंभरावा चाकू पहिल्यासारखाच निघतो याचं. अटलांटाच्या 'ब्लेड शो' या चाकूंच्या प्रदर्शनात रीव्ह यांच्या कंपनीला वर्षानुवर्षं मिळत आलेल्या पुरस्काराचं नाव 'मॅन्युफॅक्चरिंग क्वालिटी' आहे, म्हणजे उत्पादनाचा दर्जा. देणाऱ्यांनीच तिला उत्पादक म्हटलंय. डावखुऱ्यांसाठी उलट्या बाजूचा चाकूही ते करतात, मुठीत वेगवेगळे तुकडे जडवून देतात. पण ती यादीतली निवड झाली. गणवेशाच्या खिशावर शाळेचं नाव भरलं म्हणून सदरा मापाचा होत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं?

तेव्हा माझा निवाडा असा : सेबेन्झा फर्मास आहे, फर्माशी नाही.

वेडाबद्दल विचारलंत, तर थोडं स्पष्ट बोलतो. कापण्यापुरतं बघायचं तर एका मर्यादेनंतर पैसा पात्यात उतरत नाही. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतातल्या जोसेफ ओपिनेल यांनी 1890च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी केलेला चाकू आजही मिळतो : बीचच्या लाकडाची मूठ, एक पातं, एक खिळा, आणि 1955पासून पातं अडवणारं एक फिरतं कडं. सेबेन्झाच्या किमतीत असे डझनावारी येतील. त्याचं पातं तुमच्या चाकूच्या जवळपास निम्म्या जाडीचं, त्यामुळे पेरू कापायला बसलात तर ओपिनेल जिंकेल. जाड पातं फळ कापत कमी आणि फोडत जास्त जातं. पण तुमच्या नादाला पेरूची फूटपट्टी लावणं अन्यायाचं आहे. खटका बसल्याचा आवाज, मिटल्यावर दोन्ही बाजूंना सारखी फट, अंगठ्याच्या एका रेट्याने उघडणं, यांच्यासाठी माणूस पैसे मोजतो. चांगलं घड्याळ घेणारा वेळ कळावी म्हणून घेत नाही. त्या वेडाला माझी हरकत नाही, माझी हरकत लेबलाला आहे.

लेबलं कशी ताणली जातात याला फ्रान्समध्येच आणखी एक नमुना आहे. लागिओल हे गाव, त्याच्या नावाचा घडीचा चाकू जगभर प्रसिद्ध. पण नाव कुणा एकाच्या मालकीचं राहिलं नाही, त्यामुळे ते थिए शहरातल्या चाकूंवर पडलं आणि पार पाकिस्तान-चीनमधल्या मालावरही. सोलापूरकराला हे दुखणं नव्याने सांगायला नको. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर विणलेली 'सोलापुरी' चादर ढिगाने विकली जाते. तिथे निदान शब्दाचा अर्थ पक्का आहे : सोलापुरी म्हणजे सोलापुरात विणलेली, एवढं दाखवून भांडता येतं. कस्टमच्या बाबतीत भांडायला तेवढीही जागा राहिलेली नाही.

आणि खरं फर्माशी पातं बघायचं असेल, तर ते फार लांब नाही. सांगोल्याकडे आमचे एक काका डाळिंब करायचे. डाळिंबाची रोपं गुटी बांधून करतात : फांदीवरची बोटाच्या एका पेराएवढी साल गोल काढायची, उघड्या लाकडाभोवती ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लॅस्टिक गुंडाळायचं, मुळं फुटेपर्यंत वाट बघायची. साल काढताना आतलं लाकूड दुखावता कामा नये, म्हणून या कामाच्या चाकूला एकाच अंगाने धार देतात, दुसरं अंग सपाट. काका डावखुरे. बाजारातला कलमाचा चाकू त्यांच्या हातात उलटा पडायचा, धारेची बाजू लाकडात घुसायची. शेवटी ते गावच्या लोहाराकडे जाऊन बसले, डाव्या हाताने फांदी कशी धरतो ते दाखवलं, आणि त्याने ट्रकच्या पाट्याच्या तुकड्यातून उलट्या अंगाची धार असलेलं पातं काढून दिलं. मूठ बाभळीची. खटका वगैरे काही नव्हता, पातं मिटायचं ते मुठीच्या खाचेत, जरा कुरकुर करत.

आमच्या आजोबांच्या वेळी त्याच लोहाराचा बाप बलुत्यावर काम करायचा. सुगीला धान्याचा वाटा न्यायचा आणि वर्षभर विळे, खुरपी पाजवून द्यायचा, नवी करून द्यायचा. कुणाचा हात जड, कोण उकिडवं बसून खुरपतं, हे त्याला न सांगता ठाऊक. कस्टम या शब्दाचे दोन्ही अर्थ, रूढी आणि गिऱ्हाइकासाठी घडवणं, त्या एका भात्यापाशी एकत्र नांदत होते. त्या व्यवस्थेचे गोडवे गायचा माझा विचार नाही, तिच्यात लोहाराला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. शब्दाचा उगम कुठे दिसतो, एवढंच दाखवतोय.

मराठीत नेमकेपणा नामापेक्षा क्रियापदात चांगला येतो, हे माझं जुनं मत आहे आणि इथेही तेच लागू पडतं. चाकू 'घेतला' म्हणजे दुकानातून. 'करून घेतला' म्हणजे कुणीतरी तो तुमच्यासाठी केला. 'सांगून करून घेतला' म्हणजे काय हवं ते तुम्ही आधी बोललात. इंग्रजीतला 'बिस्पोक' शब्दशः हाच आहे, आधी बोलून ठेवलेला. तेव्हा नाद्यांच्या गप्पांत 'फर्माशी' म्हणा, घरी 'सांगून करून घेतलेला' म्हणा, आणि सेबेन्झाच्या बाबतीत सरळ 'घेतला' म्हणा. 'घडीव'च्या मोहात मात्र पडू नका. घडीव म्हणजे ठोकून, घडवून केलेलं, आणि घडीचा म्हणजे मिटणारा; तुमचा चाकू घडीचा आहे, घडीव नाही. त्याचं पातं पोलादाच्या पत्र्यातून कापून काढलेलं आहे.

मिड-टेकला मी 'निमफर्माशी' सुचवून पाहिला, पण ते नाव लागलेल्या बहुतेक चाकूंना कुणी फर्मावलेलं नसतंच, म्हणून मागे घेतो. तूर्त 'हात फिरवलेला' यावर भागवतोय. पूर्व भागातल्या तेलुगू किंवा अक्कलकोटकडच्या कानडी घरांत, सांगून करवलेल्या वस्तूला वेगळा शब्द असेल तर जरूर कळवा. भांडीवाले, शिंपी आणि सोनार यांना विचारलंत तर लवकर सापडेल.