भावना ओतायच्या नसतात, द्यायच्या असतात

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: नव्या कौटुंबिक सिनेमांबद्दल लिहिताना कुणी ‘भावनिक चित्रपट’ म्हणतं, कुणी ‘भावुक’, कुणी ‘भावपूर्ण’. यातलं बरोबर कुठलं? आणि ‘अभिनेत्रीने भूमिकेत भावना ओतल्या आहेत’ हे वाक्य चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हे ‘ओतणं’ मला फार वर्षं छळतंय. नाही चालणार. का ते पुढे येईलच.

पहिल्याचं झटपट. भावनिक म्हणजे भावनेशी संबंधित: भावनिक आधार, भावनिक गुंता. व्याकरण ठीक आहे, पण सिनेमाला ‘भावनिक’ म्हणून ती भावना पोचली की नाही हे कळत नाही. भावपूर्ण हा एके काळी चांगला शब्द होता. चौकाचौकांतल्या श्रद्धांजलीच्या फलकांनी तो इतका अडकवून ठेवलाय की दुसरीकडे लिहिला तरी हार घातलेली तसबीर डोळ्यांपुढे येते.

राहिला भावुक. हा ‘भू’ धातूला ‘उक’ लागून झालेला शब्द. कामुक, घातुक हे त्याचे सख्खे भाऊ. पाणिनीने हा प्रत्यय ज्या धातूंना लागतो त्यांची यादीच दिली आहे आणि अर्थ आहे ‘तसा स्वभाव असलेला’. तेव्हा भावुक माणूस असतो, सिनेमा नाही. भागवताच्या आरंभी, हा रस प्या म्हणून, ‘रसिका भुवि भावुकाः’ अशी हाक आहे. रसिक आणि भावुक एका श्वासात, आणि दोन्ही शब्द रस पिणाऱ्यांसाठी. रसाला कुणी भावुक म्हटलेलं नाही. ‘शेवट पाहून मी भावुक झालो’ हेही हिंदी वाहिन्यांवरून आलेलं. शेवट पाहून माणूस गहिवरतो, गलबलतो, हेलावतो, त्याच्या पोटात तुटतं, त्याचा कंठ दाटतो. या पाच गोष्टी वेगवेगळ्या आहेत. कुठल्या प्रसंगाने यातलं नेमकं काय झालं, हे सांगितलं की निम्मं परीक्षण तिथेच होतं.

आता भावना. हा शब्द मला पुस्तकात नाही, पंचवटीतल्या एका वैद्यांच्या ओसरीवर पहिल्यांदा कळला. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. ते खलात आवळ्याचं चूर्ण घोटत होते. बाजूला ताज्या आवळ्याचा रस. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, “भावना देतोय.” चूर्ण भिजून लगदा होईल एवढाच रस घालायचा, घोटायचं, वाळवायचं. पुन्हा रस, पुन्हा घोटणं, पुन्हा वाळवणं. चरकाने आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याचाच रस एकवीस रात्री पाजायला सांगितलंय. शेवटी पाहिलं तर रस कुठे दिसत नाही आणि चूर्ण मात्र पूर्वीचं राहिलेलं नसतं. सगळा रस एकदम ओतला असता तर चिखल झाला असता.

मराठीतलं आपलं ‘होणे’ याच ‘भू’पासून आलं: भवति, होइ, होणे. भावना हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे ‘होऊ देणं, होववून आणणं’. मनात आपोआप उसळणारी गोष्ट हा अर्थ नंतरचा. मुळात ती कुणीतरी चिकाटीने करायची क्रिया आहे.

काही अभ्यासक सांगतात की वैद्यकातली भावना वेगळी आणि नाट्यातला भाव वेगळा, उच्चार तेवढा जुळतो. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी नाट्यशास्त्राचा सातवा अध्याय उघडलेलाच नाही. भरत स्वतः विचारतो की भावांना ‘भाव’ का म्हणायचं? ते ‘असतात’ म्हणून, की ‘भावित करतात’, म्हणजे भिनवतात, म्हणून? आणि उत्तर देतो ‘भावितं वासितं कृतम्’, या तिन्हींचा अर्थ एकच. लगेच लोकांच्या बोलण्यातला दाखला: या गंधाने किंवा रसाने सगळंच भावित झालं, असं आपण म्हणतोच की! गंध आणि रस. खलबत्त्याच्या इतकं जवळ येऊन बोलणाऱ्या माणसाला ‘उच्चार तेवढा जुळतो’ असं कसं सांगता? रस शब्दही दोन्हीकडे आहे, तो काय दोनदा योगायोगाने आला?

या अर्थाने दिग्दर्शनाकडे पाहा. समजा, एका सिनेमात आई रोज संध्याकाळी गॅलरीतल्या दोरीवरून मुलाचा शर्ट काढते. पहिल्यांदा ते नुसतं घरकाम असतं. दुसऱ्यांदा ती फोनवर बोलता बोलता काढते, आपण पाहतही नाही. तिसऱ्यांदा मुलगा गेलेला असतो. तिचा हात सवयीने दोरीकडे जातो आणि रिकामा परत येतो. ही दिलेली भावना. त्याच जागी व्हायोलिनं वाढवली, चेहऱ्याजवळ कॅमेरा नेला, आईला हंबरडा फोडायला लावलं, तर ते ओतणं झालं. रडू त्यानेही येईल. कांदा चिरतानाही येतं.

अभिनयाचंही तेच. सात्त्विक भाव, म्हणजे मन हललं की अंगावर उमटणाऱ्या खुणा, आठ सांगितलेत: स्तंभ (थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग (आवाज फुटणं), वेपथु (थरथर), वैवर्ण्य, अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). आठांतला एक अश्रू आणि आपण नट मोजतो तो फक्त त्यावर. कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेत बसून मला नटाचं वैवर्ण्य, म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणं, कधीच दिसलं नाही. तिथे आवाज आणि हातच पोचतात. कॅमेऱ्याला मात्र ते दिसतं. आवंढा दिसतो, बोलायला उघडलेले आणि न बोलता मिटलेले ओठ दिसतात. म्हणून आजच्या सिनेमातल्या एखाद्या गप्प नटाबद्दल ‘त्याने काही केलंच नाही’ असं ऐकलं की मी अस्वस्थ होतो. त्याने स्तंभ केला, स्वरभंग केला. पाहणाऱ्याने अश्रूंची वाट पाहिली, एवढंच.

आणखी एक गंमत सांगतो. जुन्या संस्कृत नाटकात सूत्रधाराला त्याचा सहायक ‘भाव’ अशी हाक मारतो. अमरकोशाने अर्थ दिलाय: विद्वान. कोशकार इथेच थांबतात. माझं मत असं की सगळ्या प्रयोगाला भावना देणारा तो भाव. याला कोशाचा आधार नाही, पण मी ते मत सोडणार नाही.

ताई, तुमचं वाक्य. ‘भावना दिल्या’ असं आज लिहिलंत तर लोकांना कळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्या घरात त्याच क्रियेसाठी शब्द आहे: मुरणे. ‘भूमिका तिच्यात मुरली आहे’ असं लिहा. आणि मुरली नसेल तर ‘अजून कच्ची आहे’ असंही लिहिता येतं. ‘ओतल्या’ला असं उलट म्हणायची सोयच नाही.

ताजा कलम म्हणून तुम्ही ‘छोट्या भूमिकेत भाव खाऊन गेला’ याबद्दल विचारलंय. लोक म्हणतात हा चेहऱ्यावरचा भाव. मला पटत नाही. लासलगावचा कांदा ज्या अर्थाने भाव खातो त्याच अर्थाने नटही खातो. बाजारात मालाचा जो भाव ठरतो तो. चेहऱ्यावरचे भाव आपण आणतो, दाखवतो, लपवतो. खात नाही.