काव्यावर बंदी, की कावाच्या आयातीवर?

एका वाचकाने विचारले आहे की, प्रशांत महासागरातील बेटांवर पितात त्या 'कावा' नावाच्या पेयाविषयीच्या मराठी मजकुरात त्यांना तीन वाक्ये आढळली: 'युरोपात कावा या अमली पदार्थावर बंदी आहे', 'ऑस्ट्रेलियाने काव्यावरील बंदी उठवली' आणि 'अमेरिकेत हे मद्य कायदेशीर आहे'. यांतील 'अमली पदार्थ', 'मद्य', 'बंदी' आणि 'कायदेशीर' हे शब्द योग्य आहेत का, आणि 'काव्यावरील' हे रूप शुद्ध आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे. माझ्या मते चारही शब्दांना या वाक्यांतून रजा द्यावी किंवा त्यांना जोड द्यावी, आणि त्याचे कारण व्याकरणापेक्षा निरनिराळ्या देशांच्या कायद्यांत अधिक सापडते.

रूपाचा प्रश्न आधी मिटवून टाकू. आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप याकारान्त होते, त्यामुळे 'ओढा, ओढ्यावर' या चालीने 'कावा, काव्यावर' हे रूप नियमाला धरूनच आहे आणि 'गनिमी काव्याने' यात आपण तेच रोज वापरतो. तथापि 'काव्यावरील बंदी' वाचणाऱ्याला सरकार कवींच्या मागे लागले की काय, असे क्षणभर वाटल्याशिवाय राहत नाही. 'सोडा' मराठीत मुरला म्हणून 'सोड्याची बाटली' झाली. कावा अजून पाहुणाच आहे, तेव्हा 'कावाचा', 'कावावर' अशी न बदललेली रूपे लिहावीत. स्पेनमधील एका फेसाळ वाइनचे नावही मराठीत 'कावा' असेच लिहिले जाते, आणि पेयाला 'मद्य' म्हणण्याची चूक कदाचित तेथूनच आली असावी. अरबी 'कहवा' म्हणजे कॉफी, तिचा या झाडाशी काही संबंध नाही. पोलिश भाषेत मात्र कॉफीलाच 'कावा' म्हणतात, आणि पोलंडचा या प्रकरणात वेगळाच वाटा आहे, तो पुढे येईल.

हे झाड मिरीच्या कुळातले आहे. मिरी, पिंपळी आणि विड्याच्या पानाची नागवेल ही त्याची आपल्याकडची भावंडे. त्याची मुळे वाळवून किंवा ओली असतानाच कुटतात, ती भुकटी कापडात घालून पाण्यात कालवतात, पिळतात आणि मातकट रंगाचे गढूळ पाणी नारळाच्या करवंटीतून एका घोटात पितात. पहिल्या करवंटीनंतर ओठ आणि जीभ बधिर होतात, मग अंगाला सैलपणा येतो. फिजीत याला 'यांगोना' म्हणतात, टोंगात 'कावा', सामोआत आणि हवाईत आरंभीचा 'क' गळून 'आवा'. आणि फिजीत गिरमिटावर गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांच्या तोंडी इंग्रजांचाच 'ग्रॉग' हा शब्द आहे. ग्रॉग म्हणजे खलाशांना मिळणारी पाणी घातलेली रम. नाव मद्याचे असले तरी कावात काही आंबवलेले नसते आणि मद्यार्क नसतो. परिणाम घडवतात ती मुळांतील कावालॅक्टोन ही द्रव्ये. म्हणून 'मद्य' हा शब्द सरळ खोडावा आणि 'पेय' लिहावे.

'अमली पदार्थ' या शब्दाचे तसे नाही, तो निम्मा खरा आहे आणि म्हणूनच अधिक फसवतो. 'अंमल' म्हणजे परिणाम, सत्ता. कावाचा अंमल चढतो यात शंका नाही. कॅप्टन कुकच्या १७७२ ते १७७५ या दुसऱ्या सफरीत गेलेल्या गेऑर्ग फॉर्स्टरने झाडाला 'पायपर मेथिस्टिकम' हे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थच 'मादक मिरी' असा होतो. तरीही आजच्या मराठीत 'अमली पदार्थ' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे गांजा, अफू, हेरॉइन, जप्ती आणि अटक उभी राहते, कारण १९८५ च्या आपल्या केंद्रीय कायद्यामुळे हा शब्दप्रयोग फौजदारी अर्थाने रूढ झाला आहे. अमली पदार्थांविषयीच्या १९६१ आणि १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारांच्या याद्यांत कावाचे नाव नाही. युरोपात त्याला खऱ्या अर्थाने अमली पदार्थांच्या यादीत घातले ते पोलंडने, २००५ साली, आणि २०१८ मध्ये त्या यादीतून काढलेही. म्हणजे 'अमली पदार्थ' हा शब्द पोलंडपुरता आणि त्या तेरा वर्षांपुरता बिनचूक होता.

मग उरलेल्या युरोपात झाले काय? आपल्या वाचकाचे पहिले वाक्य 'बंदी' या शब्दावर तोललेले आहे आणि मराठीत हा शब्द मुळातच लवचीक आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि त्याच कायद्याखाली दारूचे परवाने दिले जातात, हे आपल्याला विचित्र वाटेनासे झाले आहे. कावाच्या बाबतीत ही सवय महागात पडते, कारण तेथे कोणती क्रिया रोखली यावर सगळे अवलंबून आहे: पिकवणे, आणणे, विकणे, औषध म्हणून देणे, बाळगणे, की पिणे.

जर्मनीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. तेथे करवंटीतला कावा कोणी पीत नव्हता. मुळांपासून मद्यार्काने किंवा अ‍ॅसिटोनने काढलेल्या अर्काच्या गोळ्या चिंता आणि अस्वस्थता यांवर औषध म्हणून विकल्या जात होत्या. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जमू लागल्या, तेव्हा बॉनमधील औषध नियंत्रक संस्थेने जून २००२ मध्ये या औषधांचे विक्रीपरवाने काढून घेतले. याला मराठीत 'परवाने रद्द केले' असे म्हणावे. 'कावावर बंदी घातली' म्हटले की औषधाच्या गोळीपासून फिजीतल्या पाहुणचारापर्यंत सगळेच त्यात ओढले जाते. आणि तसे प्रत्यक्षात ओढले गेलेही: निर्यातीवर पोट असलेल्या बेटांवरच्या शेतकऱ्यांना जर्मन औषधांच्या निर्णयाचा जबर फटका बसला. पुढे २०१४ मध्ये कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय बेकायदा ठरवला आणि २०१५ मध्ये म्युन्स्टरच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने तेच कायम केले. तरी औषध दुकानांत पूर्वीसारखे खुले मिळू लागले नाही. 'न्यायालयाने बंदी उठवली' या मथळ्याने वाचकाची जी समजूत होते, ती म्हणूनच चुकीची ठरते. न्यायालयाने परवाने रद्द करण्याचा आदेश अवैध ठरवला, एवढेच म्हणता येते.

ब्रिटनमध्ये 'बंदी' हा शब्द अधिक शोभतो, पण तोही एकटा सोडू नये. २००२ चा आदेश जानेवारी २००३ पासून लागू झाला आणि त्याने कावायुक्त औषधांची विक्री, पुरवठा आणि आयात यांना मनाई केली; खाद्यपदार्थांत कावा घालण्याविरुद्ध वेगळे नियम झाले. स्वतःजवळ बाळगणे वा पिणे हा मात्र गुन्हा केला नाही. 'विक्रीबंदी' आणि 'आयातबंदी' हे आपले जोडशब्द अशा जागी चपखल बसतात, आणि नुसत्या 'बंदी'पेक्षा त्यांना दोन-तीनच अक्षरे जास्त लागतात.

दुसरे वाक्य ऑस्ट्रेलियाचे आहे आणि तेथे 'उठवली' हे क्रियापदच घाईचे आहे. ऑस्ट्रेलियात कावा पोहोचला तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, उत्तरेकडील आर्नहेम लँडच्या आदिवासी वस्त्यांत, दारूला पर्याय म्हणून. पण तेथे तो अतोनात प्रमाणात पिला जाऊ लागला आणि नॉर्दर्न टेरिटरीने १९९८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. २००७ मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांखेरीज व्यापारी आयात थांबवली, तरी प्रौढ प्रवाशाला स्वतःच्या सामानातून दोन किलो आणण्याची मुभा ठेवली. प्रशांत बेटांशी संबंध दृढ करण्याच्या धोरणाचा भाग म्हणून ही मर्यादा डिसेंबर २०१९ पासून चार किलो झाली आणि १ डिसेंबर २०२१ पासून खाद्य म्हणून व्यापारी आयातीला परवानगी पद्धतीने वाट मिळाली. म्हणजे विमानतळावरच्या टोंगन आजीबाईंच्या पिशवीतला कावा 'बंदी'च्या काळातही कायद्यात बसत होता, आणि 'बंदी उठल्यावर'ही आयातदाराला परवान्यासाठी अर्ज करावाच लागतो. नॉर्दर्न टेरिटरीने आपले कडक नियम तसेच राखले. सबब ते वाक्य 'ऑस्ट्रेलियाने कावाच्या व्यापारी आयातीला परवानगी दिली' असे लिहावे. 'निर्बंध शिथिल केले' हेही चालेल, किंबहुना मला तेच अधिक आवडते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या सामाईक अन्न संहितेत कावासाठी स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार थंड पाण्यात कालवलेले पारंपरिक पेय चालते, वेष्टनावर बेताने घेण्याची आणि झोप येण्याची सूचना छापावी लागते. त्याच ऑस्ट्रेलियात कावाच्या गोळ्या औषध म्हणूनही मिळतात, तेव्हा त्यांच्यावर दुसऱ्याच यंत्रणेची नजर असते आणि दिवसाला २५० मिलिग्रॅम कावालॅक्टोनची मर्यादा असते. एकाच मुळाला एक खाते अन्न म्हणते आणि दुसरे औषध. नियमनाचे मराठी वर्णन करताना हे खाते कोणते ते सांगितले की निम्मा घोळ मिटतो.

अमेरिकेच्या वाक्यातील 'कायदेशीर' हा शब्द 'बंदी'इतकाच ढोबळ आहे. तेथील अन्न व औषध प्रशासनाने मार्च २००२ मध्ये यकृताच्या धोक्याविषयी ग्राहकांना सावध केले, पण आहारपूरक म्हणून होणारी विक्री थांबवली नाही. मात्र नेहमीच्या खाद्यपदार्थांत घटक म्हणून घालण्याइतका कावा सुरक्षित मानता येत नाही, असा निष्कर्ष त्याच प्रशासनाच्या २०२० च्या टिपणात काढलेला आहे. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये हवाई राज्याच्या आरोग्य खात्याने पाण्यात केलेला पारंपरिक 'आवा' राज्यापुरता सुरक्षित मानला. आधार असा की १ जानेवारी १९५८ च्या आधीपासून लोक तो खाण्यापिण्यात वापरत होते. येथे 'कायदेशीर' ऐवजी 'आहारपूरक म्हणून विकता येतो' असे लिहिले तर वाक्य लांबते खरे, पण खोटे ठरत नाही.

प्रशांत बेटांच्या कायद्यांविषयी मराठीत लिहिताना आणखी एका शब्दाची गरज पडते. वानुआतूने २००२ मध्ये कावा कायदा केला आणि जातींचे वर्ग पाडले. रोज पिण्याच्या, दुसऱ्या दिवशी डोके जड न करणाऱ्या जातींना तेथे 'थोर, कुलीन' अशा अर्थाचे विशेषण लावतात. ज्यांचा अंमल दोन दिवस उतरत नाही त्यांना बिस्लामा भाषेत 'टुडे', म्हणजे दोन दिवसांचा, असेच म्हणतात. पहिल्यासाठी मी 'उमदा कावा' सुचवीन, कारण 'उमदा' आपण घोड्यालाही लावतो आणि माणसालाही, त्यात जात आणि स्वभाव दोन्ही येतात. 'उदात्त' फारच प्रवचनी वाटतो. दुसऱ्यासाठी 'दोनदिवशी' पुरेसा आहे. हा भेद शोभेचा नाही: दोनदिवशी जातींच्या निर्यातीवर वानुआतूचा कायदा निर्बंध घालतो. पेय आणि अर्क हा भेदही तसाच: २०२० मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानक आयोगाने पाण्यात मिसळून पिण्याच्या कावासाठी जे प्रादेशिक मानक स्वीकारले, ते अर्क आणि गोळ्या यांच्यासाठी नाही.

शेवटी, 'बंदी' निःशंकपणे कुठे वापरावी याचेही उदाहरण देतो. २००५ मध्ये वानुआतूने फिजीच्या बिस्किटांची आयात बंद केली आणि फिजीने उत्तरादाखल वानुआतूच्या कावाची. यकृत, अंमल, आरोग्य यांतले काहीच त्या भांडणात नव्हते. तेथे 'आयातबंदी' लिहावे, एकही विशेषण न जोडता.