पांढरी दोनचा सा

लेकरा,

तू शंभर अल्बमची यादी मागितलीस. लातूरच्या खोलीवर अभ्यास आटोपला की रोज रात्री एक ऐकणार, असं लिहिलंस. यादी मी देत नाही. रोज एक ऐकलास तर तीन महिन्यांत नावं पाठ होतील, गाणं मात्र एकही हाताला लागणार नाही. माझं तसंच झालं. विशीत उसन्या कॅसेट आणायचो, दोन दिवसांत परत द्यायच्या असायच्या. गाजलेलं गाणं तेवढं ऐकायचं, बाकीचं पुढे पळवायचं. त्याची रुखरुख अजून आहे.

तुझ्याकडे आजोबांची पेटी आहे, एकादशीच्या भजनात तू ती वाजवतेस. तीच पुढ्यात घेऊन बस आणि माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' लाव. १९५९ चा जॅझ अल्बम, त्यात पाचच रचना. पहिली 'सो व्हॉट'. सुरुवातीचा संथ तुकडा जाऊ दे. मग पांढरी दोनला, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला, सा धर आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरून वर जा. गंधार-निषाद कोमल लागतात ना? काफी रागाचे स्वर आहेत ते. चार-चार मात्रांची सोळा आवर्तनं याच स्वरांत चालतात. मग सगळं अर्धा स्वर वर सरकतं, तुझा सा काळी दोनवर जातो. आठ आवर्तनं तिथे, आणि आठ परत पांढरी दोनला. ती सरकण्याची जागा बोटांना सापडेपर्यंत पुढची रचना ऐकू नकोस. सुरुवातीला जाडजूड तारांचा डबल बास एक ओळ वाजवतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. आपल्या गोंधळात झीलकरी झील धरतात, तसंच ऐक ते. तिथला माणूस वेगळा आहे, दुःखही वेगळं आहे. पण आत शिरायची वाट तुझ्या बोटांत आधीपासून आहे.

तालाचंही असंच. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधलं 'मनी' टाळी देत मोज. सात मात्रा येतील. आपला रूपक तालही सात मात्रांचा, पण त्याचे बोल यावर चपखल बसणार नाहीत, ओढूनताणून बसवूही नकोस. फक्त मधल्या गिटारच्या तुकड्यात सात सुटून चार कधी होतात, ते पकड. हा अल्बम तबकडीसाठी बांधलेला आहे आणि 'मनी'पासून तिची दुसरी बाजू सुरू होते. म्हणून त्याआधी जरा थांबत जा. तबकडी उलटायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच.

बॉब मार्लेच्या १९७९ च्या 'सर्व्हायव्हल'मध्ये 'वन ड्रॉप' नावाचं गाणं आहे. रेगेत, म्हणजे मार्लेच्या जमैकातल्या संगीतात, या नावाचा ठेकाच आहे. त्यात पहिल्या मात्रेवर ड्रम गप्प असतो, जोर तिसरीवर. समेवर टाळ आपटायची सवय असलेल्या तुला पहिले दोन दिवस पायरी चुकल्यासारखं वाटेल. वाटू दे.

आणि घरचं विसरू नकोस. 'जैत रे जैत' १९७७ चा, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, गाणी ना. धों. महानोरांची. महानोर आपल्याच मराठवाड्यातले, अजिंठ्याजवळच्या पळसखेडचे, शेतकरी. ती गाणी सुटी सुटी सगळ्यांनी ऐकलीत. तू एका बैठकीत ओळीने ऐक, म्हणजे एका गाण्यातलं रान दुसऱ्यात कसं शिरतं ते कळेल. 'सैराट'चंही तेच. वरातीत एकच गाणं वाजतं, पण गाणी चार आहेत. लॉस एंजेलिसला मुद्रित केलेला तो मोठा वाद्यवृंद 'याड लागलं'मध्ये शांतपणे ऐकायला मिळतो, वरातीच्या भोंग्यात नाही.

एका महिन्याला एकच अल्बम. दिवाळीला गावी आलीस की 'सो व्हॉट'ची बासची ओळ मला पेटीवर वाजवून दाखव, झील मी धरतो. तुझ्या पेटीचा भाता गळतो असं लिहिलं होतंस. येताना ती घेऊन ये, अंबाजोगाईला माझ्या ओळखीचा कारागीर आहे.

तुझा,
काका