गोल्डिंग्ज नाही, मग कोणतं हॉप?

प्रश्न : घरी इंग्लिश बिटर, म्हणजे कडवटसर बिअर करतोय. कृतीत 5 टक्के आल्फा आम्लाचं (कडवटपणा यातूनच येतो) 30 ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, तासभर उकळायचंय. दुकानात 12 टक्क्यांचं मॅग्नम आणि फगल, एवढंच आहे. – एक वाचक, लीड्स

उत्तर : कडवटपणासाठी मॅग्नम बिनधास्त घ्या, पण वजनाला वजन नको. 30 गुणिले 5, भागिले 12 : साडेबारा ग्रॅम. मी पहिल्यांदा तीसच्या तीस ग्रॅम टाकलं. कारल्याचा रस झाला. सासऱ्यांनी एक घोट घेऊन ग्लास हळूच कुंडीत रिता केला! शेवटच्या पाच मिनिटांत मात्र फगल घाला. वास जरा मातकट, पण घराणं इंग्लिशच. आणि स्टायरियन गोल्डिंग्ज दिसलं तर नावावर जाऊ नका, तेही मुळात फगलचंच रोप.