जबाबदार फंडात तेल कंपनी कशी?

प्रश्न : ‘जबाबदार गुंतवणूक’ असे नाव पाहून मी एका ईएसजी फंडात पैसे ठेवले. त्यातील समभागांची यादी चाळली, तर एक मोठी तेल कंपनी दिसली. ही फसवणूक समजावी काय?

उत्तर : फसवणूकच असेल असे नाही, मात्र नावावरून आपण जे गृहीत धरले, ते फंडाने कबूल केलेले नसावे. पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार या तीन निकषांसाठी ईएसजी ही संज्ञा रूढ झाली ती २००४ साली संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल कॉम्पॅक्टच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालामुळे, आणि त्याचा रोख पुण्यकर्मापेक्षा जोखमीच्या हिशेबाकडे अधिक होता. आजही अनेक मानांकने कंपनीमुळे जगाचे किती बिघडते हे पाहण्याऐवजी हवामान, कामगार-तंटे किंवा ढिसाळ कारभार यांमुळे कंपनीच्या कमाईला कितपत धोका आहे हे तपासतात, तेही बहुधा त्याच व्यवसायातील इतरांच्या तुलनेत.

२०२२ मध्ये बड्या अमेरिकी कंपन्यांच्या ‘एस अँड पी ५०० ईएसजी’ या शेअर निर्देशांकातून विजेवरील मोटारी बनवणारी टेस्ला वगळली गेली आणि एक्सॉनमोबिल ही तेल कंपनी मात्र त्यात राहिली, ती याच रीतीमुळे. टेस्लाचे स्वतःचे गुण फारसे बदलले नव्हते; परंतु समव्यवसायी कंपन्या पुढे गेल्याने ती आपल्या गटात तळाच्या पाव भागात गेली. कारणांमध्ये कारखान्यातील वांशिक भेदभावाच्या तक्रारींचाही उल्लेख होता. गाडी धूर सोडत नाही, एवढ्यावर ‘समाज’ या रकान्यातील गुण मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

तेल कंपनी ठेवण्यामागे दुसरेही कारण असू शकते. समभाग विकून टाकले की मताचा हक्कही जातो. २०२१ मध्ये ‘इंजिन नंबर वन’ या छोट्या फंडाने एक्सॉनमोबिलचे जेमतेम ०.०२ टक्के समभाग हाती असताना, बड्या गुंतवणूकदार संस्थांची मते मिळवून आपले तीन उमेदवार संचालक मंडळावर निवडून आणले. अर्थात, आत राहून सुधारणा करू म्हणणारे सगळेच एवढी खटपट करत नाहीत. पुष्कळदा ती केवळ सबब असते.

म्हणून मानांकनाच्या अक्षरांवर विसंबू नये. एकाच कंपनीला दोन संस्था बरेच वेगळे गुण देतात. फंडाच्या माहितीपत्रकात कोणते व्यवसाय पूर्णपणे वर्ज्य आहेत आणि किती टक्के उत्पन्नापासून ते वर्ज्य धरले जातात, ते पाहावे. तेल, तंबाखू किंवा शस्त्रे आपल्याला मुळीच नको असतील, तर तसे स्पष्ट लिहिलेला फंडच निवडावा. आपला फंड ‘संवादातून सुधारणा’ करतो असे म्हणत असेल, तर त्या तेल कंपनीच्या गेल्या सर्वसाधारण सभेत त्याने कोणत्या ठरावावर कसे मत दिले, हे त्याच्याकडे लेखी विचारावे.